पुरातली गाडी

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या मराठी मंडळींना राजारामकाका दोन गोष्टींसाठी माहीत होते. एक, गाडीच्या लाइटचा कसलाही बिघाड ते शोधून काढत. दुसरी, शोधता शोधता समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय राहत नसत.

एका टायरच्या दुकानामागे त्यांचा गाळा होता. दार उघडं ठेवलं की उन्हाची भट्टी, बंद केलं की वाफेची. त्यात ते दिवसभर निळा शर्ट घालून वावरत. शर्टाच्या खिशावर आधीच्या गॅरेजमालकानं दोऱ्यानं शिवून दिलेलं ‘राजा’ एवढंच नाव होतं. म्हणून बहुतेकांसाठी ते राजाकाका. आडनाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती, आणि त्यांनीही आपणहून कधी सांगितलं नव्हतं.

गिऱ्हाईक बहुतेक इंजिनियर. कुणी तेल कंपनीत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. ते निदान घरूनच करून येत. व्हिडिओ बघितला काका, अल्टरनेटर गेलाय. बॅटरी मी बदलली, बल्ब बदलले, तरी लाइट फडफडतातच. काका सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, मोजलं तेव्हा किती आलं? मोजलेलं कुणीच नसे. मग मात्र काकांचा पारा चढे. डॉक्टरनं न तपासता तुमची किडनी बदलली तर चालेल का, असं ते विचारत. समोरचा हसण्यावारी नेऊ लागला तर पुन्हा विचारत, आणि उत्तर येईपर्यंत गाडीला हात लावत नसत.

काका मूळचे नागपूरच्या इंदोऱ्याचे. आयटीआयला वायरमनचा कोर्स केला, मग एसटीच्या डेपोत वीस वर्षं गाड्यांची वायरिंग पाहिली. तिथल्या फोरमननं पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात मीटर देऊन सांगितलं होतं, ‘आधी माप, मंग बोल.’ बहिणीनं अमेरिकेतून ग्रीन कार्डासाठी केलेल्या अर्जाचा नंबर बऱ्याच वर्षांनी लागला तेव्हा काका चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी डेपोची नोकरी सोडली, पण ते वाक्य सोडलं नाही.

ते वाक्य आयुष्यात एकदा मोडलं ते मीनाक्षीच्या गाडीपायी.

मीनाक्षी पुण्याची. नवरा यतीन आणि ती, दोघंही आयटीत. सासूबाई शोभनाकाकू सहा महिन्यांसाठी आलेल्या. गाडी सेकंडहँड होती, वर्षापूर्वी मराठी मंडळातल्या अनुपकडून घेतलेली. जूनपासून तिच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. ब्रेक दाबला की डॅशबोर्ड मंद व्हायचा. इंडिकेटर लावला की हेडलाइट त्याच्या तालावर मिचकायचे. एकदा अंधारात क्लासवरून मुलीला आणताना हेडलाइट विझले ते थेट घरी येईपर्यंत पेटलेच नाहीत. यतीननं इंटरनेटवर वाचून बॅटरी बदलली, मग ती चार्ज करणारा अल्टरनेटर, मग बल्ब. तरी मिचकावणं सुरूच. शेवटी मीनाक्षीनं गाडी काकांच्या गाळ्यात आणून उभी केली.

काकांनी नेहमीसारखं मीटर काढलं. बॅटरी बरोबर बारा पॉइंट सहा. इंजिन चालू केल्यावर चौदा पॉइंट दोन. तरी मिचकावणं होतंच, म्हणजे यतीननं बदललेलं सगळं आधीही चांगलंच असणार. ते त्यांनी मीनाक्षीला ऐकवलं, यतीनला सांगायला सांगितलं. मग अर्थिंग धरली. गाडीत करंट वायरीतून जातो आणि गाडीच्या लोखंडी अंगातून परत येतो. परतीची वायर त्या अंगाला जिथं बोल्टनं कसलेली असते ती अर्थिंगची जागा. ती खराब झाली की करंट आडवाटा शोधतो, दुसऱ्याच दिव्यातून परतायला बघतो, आणि मग इंडिकेटर लावल्यावर हेडलाइट मिचकतो. काकांनी सगळे लाइट लावायला सांगितले आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं एकेका अर्थिंगला लावत गेले. तिथं आकडा जवळजवळ शून्य राहायला हवा. ड्रायव्हरच्या डाव्या पायाजवळच्या बोल्टवर दीड व्होल्ट आले.

त्यांनी पायाजवळची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली. बोल्टवर हिरवा गंज, त्यावर पांढरी भुकटी. खालचा गालिचा वाळून कडक झालेला.

ते बघताच काकांचं डोकं फिरलं.

ह्यूस्टनच्या भागात गाडीच्या आत असा गंज दिसला की मेकॅनिकच्या मनात एकच गोष्ट येते. मोठ्या वादळात पाण्याखाली गेलेल्या गाड्या लोक सुकवतात, सीट बदलतात, वासाच्या बाटल्या लटकवतात आणि विकतात. काकांनी अमेरिकेत घेतलेली पहिली गाडी तशीच निघाली होती. विकणारा नागपूरचाच होता, आपला माणूस म्हणून जेवायला घालून गाडी गळ्यात मारलेली. चौथ्या महिन्यात भर पावसात, हायवेच्या मधल्या लेनमध्ये गाडीचे सगळे लाइट एकदम गेले. मागून ट्रक घासून गेला. शेजारी बसलेल्या बायकोचं, जाईबाईचं, उजवं मनगट मोडलं. ते आजही पूर्ण वळत नाही. भाकरी थापताना ती दर वेळी थोडा वेळ थांबते, आणि तेवढा वेळ काका दुसरीकडे बघतात.

तो माणूस पुढं सापडला नाही. तो राग काकांनी तेरा वर्षं जपून ठेवला होता. मीनाक्षीच्या गाडीतल्या हिरव्या बोल्टवर तो सगळा एकदम बाहेर आला.

“ही पुरातली गाडी आहे ताई,” ते म्हणाले. “तुमाले फसवलं. ज्यानं विकली त्याचं नाव चारचौघांत घ्या.”

मीनाक्षीनं बोल्टचा फोटो काढला आणि तिथंच उभ्या उभ्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अनुपनं आम्हाला पुरातली गाडी विकली, मेकॅनिक काकांनी कन्फर्म केलं आहे, सांभाळून राहा, असं खाली लिहिलं. ग्रुपवर सहाशेच्या वर माणसं होती. काकाही होते, पण ते कधी काही लिहीत नसत.

तीन दिवसांनी यतीन गाडीचं काय झालं ते बघायला आला. हातात फोन. एकशे बारा उत्तरं आली म्हणाला. त्यातली काही त्यानं काकांना वाचूनही दाखवली. कुणी अनुपला मंडळातून काढा म्हणत होतं, कुणी त्याच्या कंपनीत कळवू म्हणत होतं. अनुप मागच्या वर्षी नोकरीसाठी डॅलसजवळ अर्विंगला गेला होता. जाण्यापूर्वी त्यानं ही गाडी विकली होती. ही गाडी आपण नवी घेतली होती, कधी पाण्यात गेली नाही, असं तो सगळ्यांना फोन करून सांगत होता, पण फोन कुणी उचलत नव्हतं. शनिवारी गाडीचे कागद घेऊन तो स्वतः येणार होता.

“तो तर असंच म्हणणार,” यतीन म्हणाला. “मी मीनाक्षीला तेव्हाच सांगितलं होतं काका, अशा लोकांकडून गाडी घेऊ नको.”

काकांनी बोल्ट घासायला तारेचा ब्रश नुकताच उचलला होता. हात थांबला.

“अशा म्हणजे कशा?”

यतीन हसला. तुम्हाला कळतंय ना काका, म्हणाला. आडनावावरूनच कळतं. गजभिये. शिकतात, सवलतीत इथपर्यंत येतात, पण संस्कार कुठून आणणार.

त्यांनी विकणाऱ्याचं आडनाव विचारलंच नव्हतं. इंदोऱ्यात त्यांच्या घरासमोर गजभिये राहत, मागच्या गल्लीत आणखी दोन घरं गजभियेंची. हातातला ब्रश त्यांनी गालिच्यावर ठेवला, पुन्हा उचलला. कुणावर रागवायचं ते ठरेना. यतीनवर रागवावं, तर यतीनच्या हातात हे हत्यार कुणी दिलं? आपणच. एक हिरवा बोल्ट बघून. अनुपनं खरंच फसवलं असेल तर या माणसाचं म्हणणं खरं ठरणार. फसवलं नसेल तर आपण एका पोराचं नाव धुळीला मिळवलं.

“गाडी आज मिळणार नाही,” ते म्हणाले. “मोजायचं राहिलंय.”

यतीन म्हणाला, काका, आता काय मोजायचंय, फॉल्ट तर सापडला. काकांनी त्याला दार दाखवलं. अक्षरशः, हातानं.

तो गेल्यावर त्यांनी मीटर बाजूला ठेवलं आणि टॉर्च घेऊन जमिनीवर आडवे झाले. पुराचं पाणी खालून वर चढतं. जिथवर चढतं तिथवर सगळ्याला धरतं, एका बोल्टला धरून बाकीचं सोडत नाही. त्यांनी सीटचे बोल्ट पाहिले. चकचकीत. मागं डिकीत स्टेपनीचा खड्डा उघडला. कोरडा, गाळाची एक रेघ नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. पुरातल्या गाडीत बेल्टच्या आतल्या टोकावर हमखास तपकिरी डाग सापडतो, कारण तेवढं टोक कुणी धूत नाही. इथं पट्टा नव्यासारखा. उजव्या बाजूची अर्थिंग खोलली. स्वच्छ. मग पुन्हा डावीकडं येऊन त्यांनी तो बोल्ट नीट पाहिला. गंज वरच्या बाजूला जास्त होता, खालच्या बाजूला कमी. पाणी खालून आलेलंच नव्हतं. वरून ठिबकलं होतं.

हे सगळं त्यांनी पहिल्या दिवशी पाहायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. डेपोतला नवखा पोरगाही इतका घाईनं बोलला नसता.

त्यांनी गालिच्याचा कोपरा उचलून नाकाशी नेला. आंबूस वास आला, आंबटपणाच्या मागून हिंगाचा. गालिच्याच्या खाली, पत्र्याला चिकटून, एक मेथीचा दाणा होता. त्याच्या शेजारी मिरचीच्या तीन बिया.

काका तिथंच मांडी घालून बसले.

दह्यातली मिरची. हिरव्या मिरच्यांना चीर द्यायची, मीठ-मेथी-हिंग घातलेल्या दह्यात रात्रभर बुडवायच्या, सकाळी उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा दह्यात. आठवडाभर. शुगर लँडमध्ये उन्हाला तोटा नाही, पण अंगणात ताटं मांडली की कॉलनीच्या ऑफिसची नोटीस येते. म्हणून उन्हाळ्यात इथल्या बायका वाळवण गाडीत घालतात. काचा बंद केल्या की गाडी म्हणजे आयता ओव्हन. जाईबाईसुद्धा मुगाच्या वड्या त्यांच्याच गाडीच्या डॅशबोर्डवर वाळवते. काकांना हे माहीत होतं. तेरा उन्हाळे माहीत होतं. वड्या कोरड्या असतात. मिरच्यांतून मिठाचं पाणी गळतं, आणि ताट डाव्या कोपऱ्यात असलं तर ते डॅशबोर्डच्या फटीतून सरळ त्या बोल्टवर उतरतं.

घरी त्यांनी जाईबाईला सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“तुमी पूर पाहिला, कारन तुमाले पूरच पाहाचा होता,” ती म्हणाली आणि उजवा हात पदराखाली घेतला. त्यांना दिसू नये म्हणून घेतला की दिसावा म्हणून, ते काकांना कळलं नाही.

शनिवारी सकाळी अनुप आला. चार तास गाडी चालवून आलेला, डोळे लाल. पंचविशीतला सडपातळ मुलगा. हातात फाइल. काकांनी खुर्ची पुढं केली, तो बसला नाही. त्याच्या आईला नागपुरात कुणीतरी तो फोटो पाठवला होता. ती दोन दिवस त्याला एकच विचारत होती, तू असं केलं का रे? ‘माझी आई मला हे विचारते, काका,’ तो म्हणाला. ‘ती, जिनं मला सापडलेला पेनसुद्धा शाळेत परत करायला लावला.’ आवाज चढला नव्हता.

तेवढ्यात यतीन आणि मीनाक्षी आले. यतीन अनुपकडे न बघता काकांशी बोलायला लागला. काकांनी त्याला मधेच थांबवलं. पांढऱ्या कागदावर त्यांनी मेथीचा दाणा आणि तीन बिया ठेवल्या होत्या. तो कागद त्यांनी मीनाक्षीपुढं धरला आणि एवढंच विचारलं, गाडीत मिरच्या कोण वाळवतं?

मीनाक्षी लाल झाली. आईंनी वाळवल्या मे महिन्यात, म्हणाली. तिचं वर्क फ्रॉम होम असलं की गाडी दारात उन्हात असायची. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात सकाळचं ऊन जास्त येतं, म्हणून ताट तिथं. पण मिरच्यांनी लाइट कसे जातील, काका?

काकांनी सीटचे बोल्ट दाखवले, बेल्ट ओढून दाखवला, स्टेपनीचा खड्डा दाखवला. त्या पोराचा काही संबंध नाही, म्हणाले. गाडी त्यानं चांगलीच विकली. चूक आपली.

मग मीनाक्षीनं हळूच म्हटलं, “काका, मी पोस्ट डिलीट करते. ग्रुपवर मात्र काही लिहायला नको, आईंना फार वाईट वाटेल. आधीच त्यांना इथं करमत नाही.”

“हो ना,” यतीन म्हणाला. “संपवून टाकू. ए, सॉरी हं अनुप. मिसअंडरस्टँडिंग झालं यार.”

अनुपनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो काकांकडे बघत होता.

“त्याच्या आईला वाईट वाटलं तेव्हा डिलीट केलं होतं का कुणी?” काका म्हणाले. “सहाशे लोकांत चोर म्हटलं आणि माफी चार लोकांत? ज्या तोंडानं बोललो त्याच तोंडानं, त्याच जागी बोलेन.”

त्यांनी फोन काढला. टाइप करायला त्यांना जमत नसे. अंगठा माइकवर दाबून धरला आणि बोलायला लागले. आवाज इतका मोठा झाला की बाहेर टायरच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

“मी राजाराम वासनिक. नागपूर, इंदोरा. मीनाक्षीताईंच्या गाडीला पुरातली म्हणणारा मेकॅनिक मीच. ती पुरातली नाही. आत मिठाचं पाणी सांडलं होतं, ते गाडी विकल्यानंतर. अनुप गजभिये यांनी गाडी चांगली विकली. मी पुरतं न तपासता बोललो, माझी चूक झाली. मला असंही सांगण्यात आलं की अशा लोकांकडून गाडी घेऊ नये. मी त्याच लोकांतला आहे. तेरा वर्षं तुमच्या गाड्या दुरुस्त करतोय. ज्यांना यापुढं माझ्याकडे यायचं नसेल त्यांनी येऊ नये.”

अंगठा उचलला. मेसेज गेल्याचा आवाज झाला.

यतीनचा चेहरा उतरला. तो खिशावरच्या ‘राजा’ या अक्षरांकडे बघत राहिला. मग म्हणाला, काका, मला काय माहीत. काका म्हणाले, माहीत असतं तर तोंडावर बोलला नसता, एवढाच फरक.

मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं अनुपला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, ग्रुपवर म्हणा.

मग तो काकांकडे वळला. “आता माझ्यासमोर मोजा.”

बोल्ट घासून, धुऊन, वायरीचं टोक नवं लावून तयार होतं. त्यांनी तो कसला, ग्रीस लावलं, सगळे लाइट लावले, मीटरची टोकं धरली. शून्य पॉइंट शून्य चार. अनुपनं खाली वाकून आकडा वाचला, फोनमध्ये त्याचा फोटो काढला. मग सीटच्या बोल्टचा, बेल्टच्या टोकाचा, डिकीतल्या कोरड्या खड्ड्याचा. फोटो झाल्यावर इंडिकेटर स्वतः लावून पाहिला. हेडलाइट स्थिर होते. काकांच्या शब्दावर विश्वास ठेवायची त्याची तयारी नव्हती, आणि काकांना ते बरोबर वाटलं. चहासाठी तो थांबला नाही. जाईबाईनं डब्यात पोळ्या दिल्या होत्या, त्याही त्यानं घेतल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाला, आईला पाठवतो हे.

संध्याकाळी काकांनी ग्रुप उघडून पाहिला. मीनाक्षीची पोस्ट नव्हती. तिनं दोन ओळींत माफी मागितली होती, पूर्ण नाव घेऊन. काकांच्या मेसेजखाली नऊ अंगठे होते. उत्तर एकही नाही. त्याच्याखाली कुणीतरी रविवारच्या पिकनिकला पाणी कोण आणणार ते विचारलं होतं, आणि त्याला चाळीस उत्तरं होती.

काकांनी तोच मेसेज पुन्हा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा.

चौथ्या वेळेनंतर ग्रुप सांभाळणाऱ्या शशिकांतचा फोन आला. अदबीनं बोलला. सगळ्यांनी ऐकलंय काका, म्हणाला, झालं गेलं विसरा, लोक आता कंटाळलेत.

“चोर म्हटलं तेव्हा एकशे बारा जण बोलले,” काका म्हणाले. “चोर नाही म्हणायला तेवढे बोलू द्या. मग थांबतो.”

शशिकांत म्हणाला, असं कसं काका, नियम असतात, मला तुम्हाला ग्रुपमधून काढावं लागेल. काढ, काका म्हणाले, पण का काढलं ते तिथं लिही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याचं दार वर करण्याआधी त्यांनी फोन उघडला. अजून कुणी काढलं नव्हतं. त्यांच्या मेसेजखाली अनुपच्या बाजूनं तीन नवी उत्तरं आली होती. काकांनी ती मोजली, आणि पाचव्यांदा मेसेज पाठवला.